पॅनेल बदलायचे, पण सर्व्हर कोण सांभाळणार? एका छोट्या वेब-होस्टिंग व्यवसायाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी संकेतस्थळे तयार करून देणारा एक छोटा व्यवसाय आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गावाचे व ग्राहकांचे तपशील येथे वगळले आहेत. मालक मूळचे ग्राफिक डिझायनर. संकेतस्थळ तयार झाले की ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न ग्राहक त्यांच्यावरच सोपवत असत आणि त्यातूनच होस्टिंगचा जोडधंदा उभा राहिला. २०२३ च्या अखेरीस भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर त्यांची शंभराहून थोडी अधिक खाती होती. त्यांत पतसंस्था, शाळा, दवाखाने, कृषी सेवा केंद्रे, मंगल कार्यालये आणि एक मराठी साप्ताहिक यांचा समावेश होता. सर्व्हरची देखरेख मालक आणि माहिती तंत्रज्ञानाची पदविका घेतलेला त्यांचा एक तरुण सहकारी मिळून करीत. पॅनेल बदलण्याच्या निर्णयात आणि स्थलांतरात मी सल्लागार म्हणून सहभागी होतो.

सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर सीपॅनेल हे पॅनेल, म्हणजे सर्व्हर बटणांनी सांभाळण्याचे सॉफ्टवेअर, होते. पॅनेल नेमके काय करते, हे येथे स्पष्ट करायला हवे, कारण पुढचा सगळा विचार त्यावरच उभा आहे. संकेतस्थळ ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे काम अपाचे करते, प्रोग्रॅम पीएचपी चालवते, माहिती मारियाडीबी साठवते, पत्रे एक्झिम पाठवते आणि डोव्हकॉट ती वाचायला देते. पॅनेल यांपैकी कोणतेही काम स्वतः करीत नाही. बटण दाबले की ते या प्रोग्रॅमांच्या सेटिंग फाइली लिहिते आणि त्यांना त्या पुन्हा वाचायला सांगते. सगळे सुरळीत असेपर्यंत बटणे पुरतात. एखादा प्रोग्रॅम अडला की मात्र त्याच्या नोंदी वाचणारा माणूस लागतो आणि तेथे पॅनेलचा फारसा उपयोग होत नाही.

अडचण

तीन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या. पहिली परवान्याची. २०१९ पर्यंत सीपॅनेलचा परवाना सर्व्हरमागे असे. एका सर्व्हरवर कितीही खाती उघडली तरी शुल्क तेच राही. १ सप्टेंबर २०१९ पासून ते खात्यांच्या संख्येशी जोडले गेले. १, ५, ३० आणि १०० खात्यांचे टप्पे ठरले आणि शंभरापुढील प्रत्येक खात्याला वेगळी रक्कम लागू झाली. त्यानंतरही दर वाढत गेले. हे शुल्क डॉलरमध्ये भरायचे असते, तर जिल्ह्याच्या गावातील ग्राहक वर्षातून एकदा, ठरलेल्या रुपयांतच पैसे देतो. शिवाय तीन पानांचे मंगल कार्यालयाचे संकेतस्थळ आणि रोज हजारो वाचक येणारे साप्ताहिक या दोन्हींची गणना एकेक खाते अशीच होते.

दुसरी गोष्ट मुदतीची होती. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपणार होता आणि सीपॅनेलची ११० ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती होती. सेंटओएस ८ ला पाठिंबा २०२१ च्या अखेरीसच थांबल्याने सरळ पुढच्या आवृत्तीवर जाण्याचा मार्ग बंद होता. अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींपैकी काहीतरी निवडणे भाग होते. म्हणजे पॅनेल तेच ठेवले तरी स्थलांतर टळणार नव्हते. प्रणाली बदलायचीच आहे तर पॅनेलचाही विचार याच वेळी करावा, असे मालकांचे म्हणणे होते आणि ते योग्यच होते.

तिसरी गोष्ट ई-मेलची होती आणि सुरुवातीच्या बैठकीत ती कोणी मांडलीही नव्हती. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी त्यांच्या सेवांकडे पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. सर्वांना एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पत्रे पाठवू शकतात, हे सांगणारी) किंवा डीकेआयएम (पत्रावरील डिजिटल सही तपासण्याची) यांपैकी किमान एक नोंद आणि सर्व्हरच्या आयपी पत्त्याचे नीट जुळणारे उलट डीएनएस (पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद) आवश्यक झाले. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना दोन्ही नोंदी आणि त्यांच्या जोडीला डीमार्कही (या तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे, हे सांगणारी नोंद). पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा "दादा, पत्र परत येतंय" असा फोन येऊ लागला, तेव्हा पॅनेलमध्ये सगळ्या खुणा हिरव्या दिसत होत्या.

आधी माणसांची चाचणी

मालकांनी वेगवेगळ्या पॅनेलच्या सुविधांचा एक तक्ता तयार करून आणला होता. कोणत्या पॅनेलमध्ये एका बटणावर वर्डप्रेस बसते, कोणत्यात बॅकअप दूरच्या सर्व्हरवर जातो, कोणाचा परवाना किती, असे त्याचे स्वरूप होते. तो तक्ता चुकीचा नव्हता. परंतु त्याच्या जवळजवळ प्रत्येक रकान्यात प्रत्येक पॅनेलसाठी 'होय' असेच उत्तर होते आणि अशा तक्त्यावरून निर्णय होऊ शकत नाही. म्हणून तुलना बाजूला ठेवून आधी दोघांची कौशल्ये तपासावीत, असे मी सुचवले. एक स्वस्त रिकामा सर्व्हर घेतला, त्यावर मुद्दाम काही बिघाड करून ठेवले आणि पॅनेल न वापरता केवळ एसएसएचने (दुरून आज्ञा टाइप करून सर्व्हर चालवण्याच्या सोयीने) आत जाऊन दोघांनी ते सोडवायचे, असे ठरले.

कामे रोजच्या व्यवहारातलीच होती. बॅकअपच्या संग्रहातून एकच संकेतस्थळ आणि त्याचा डेटाबेस पुन्हा उभा करणे. डिस्कवर जागा शिल्लक दिसत असूनही नवी फाइल का तयार होत नाही, हे शोधणे (येथे लाखो बारीक सेशन फाइलींनी इनोड, म्हणजे डिस्कवर फाइलींची नोंद ठेवणाऱ्या मर्यादित जागा, संपवलेले होते). एखाद्या डोमेनच्या डीएनएस नोंदी (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते, हे सांगणाऱ्या) पाहून त्याची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जातात, हे सांगणे. एक्झिमच्या नोंदवहीवरून एखादे पत्र का परतले, याचा उलगडा करणे. आणि शेवटचे काम म्हणजे पॅनेलचे दार बाहेरच्या जगासाठी बंद करून फक्त कार्यालयाच्या आयपी पत्त्यासाठी उघडे ठेवणे.

निकाल मला फार बोलका वाटला. मालकांना डीएनएस उत्तम कळत होते आणि वर्डप्रेसचा कोणताही बिघाड ते शांतपणे सोडवत. परंतु टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यावर, त्यांचा हात चाचरत होता. सहकारी नेमका उलट होता: आज्ञा देण्यात वेगवान, इनोडची गुंतागुंतही त्याने सोडवली, पण एकाच डोमेनच्या नोंदी दोन ठिकाणी वेगवेगळ्या असू शकतात, हे त्याच्या लक्षात आले नाही. एक्झिमच्या नोंदवहीत ओळीत दोन तारका असल्या की पत्र कायमचे नाकारले गेलेले असते आणि बरोबरीची दोन चिन्हे असली की ते लांबणीवर पडलेले असते, हे दोघांनाही माहीत नव्हते. वर्षानुवर्षे पतसंस्था आणि दवाखान्यांची पत्रे चालवणाऱ्या व्यवसायात पत्रांची नोंदवही वाचू शकणारा एकही माणूस नव्हता. पुढचा निर्णय मुख्यतः या निष्कर्षावर ठरला.

विचारात घेतलेले पर्याय

सीपॅनेलच ठेवून नव्या प्रणालीवर जाणे, हा सर्वांत कमी शिकावा लागणारा मार्ग होता. ग्राहकांना तीच चित्रे, तीच बटणे मिळाली असती. खर्च कमी करण्यासाठी लहान संकेतस्थळे एकत्र करून एकाच खात्यात जोड-डोमेन म्हणून ठेवावीत, अशी सूचना मालकांनी केली. हा या प्रकरणातील पहिला खरा निर्णयबिंदू होता. एका खात्यातील सगळी संकेतस्थळे लिनक्सच्या एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालतात. त्यांपैकी एकाचे जुने प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) फोडून कोणी आत शिरला, तर तो शेजारच्या प्रत्येक संकेतस्थळाच्या फाइली वाचू आणि बदलू शकतो. परवान्याचे काही पैसे वाचवण्यासाठी पतसंस्थेचे संकेतस्थळ मंगल कार्यालयाच्या दुर्लक्षित वर्डप्रेसच्या भरवशावर ठेवणे ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायाचे आहे, असे मी स्पष्टपणे सांगितले आणि ती सूचना मागे पडली.

प्लेस्कमध्ये परवाना डोमेनच्या संख्येनुसार असतो आणि सर्वांत वरच्या प्रकारात संख्येचे बंधन नसते. विंडोज सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी तो जवळजवळ अपरिहार्य पर्याय आहे. या व्यवसायाला विंडोजची गरजच नव्हती. २००३ पासून चालत आलेल्या डायरेक्टअ‍ॅडमिनमध्येही वरच्या परवान्यात अमर्याद खाती मिळतात. त्यात पत्रांसाठी एक्झिम आणि डोव्हकॉटच वापरले जातात, म्हणजे आतले प्रोग्रॅम ओळखीचेच राहतात, आणि सीपॅनेलचे बॅकअप आयात करण्याची सोयही त्यात आहे. त्याची बटणे कमी गुळगुळीत आहेत आणि घटकांची अद्ययावती 'कस्टमबिल्ड' या साधनाने करायची असते. ती कशी चालते, हे समजून घेण्यासाठी टर्मिनलची भीती जाणे आवश्यक असते.

विनामूल्य पॅनेलांचा विचार सर्वांत जास्त वेळ चालला, कारण परवान्याचा आकडा शून्य दिसला की मन तिकडे ओढले जाते. हेस्टिया केवळ डेबियन आणि उबंटूवर चालते. ते व्हेस्टा या पॅनेलपासून फुटून निघाले. २०१८ मध्ये व्हेस्टावरील सर्व्हर दोन वेळा हल्ल्यांत सापडले आणि त्यांपैकी एका वेळी तर स्थापनेच्या प्रोग्रॅममध्येच ढवळाढवळ झाली होती. कंट्रोल वेब पॅनेलमधील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये उपलब्ध झाली होती. तरी जानेवारी २०२३ मध्ये त्या त्रुटीचा फायदा घेऊन हल्ले झाले, कारण अनेकांनी अद्ययावतीच केली नव्हती. निर्णयानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सायबरपॅनेलमधील त्रुटीमुळे हजारो सर्व्हरवरील फाइली खंडणीखोरांनी कुलूपबंद केल्या. विनामूल्य पॅनेल वाईट असते, असा याचा अर्थ मी घेत नाही. परवान्याचे पैसे वाचतात, तेव्हा सुरक्षा-सूचना रोज वाचण्याचे आणि त्याच दिवशी दुरुस्ती बसवण्याचे काम आपल्याकडे येते. दोन माणसांच्या व्यवसायात ते काम कोणाचे, हे ठरलेले नसेल, तर तो पर्याय स्वस्त राहत नाही.

पॅनेलशिवाय सर्व्हर चालवण्याचा पर्याय लवकरच बाद झाला. ग्राहकांना स्वतः ई-मेल खाते उघडायचे असते. होस्टिंग बंद करून एखाद्या मोठ्या कंपनीचे रिसेलर खाते (तिच्या सर्व्हरवरील जागा आपल्या ग्राहकांना विकण्याचे) घेण्याचा पर्याय मात्र प्रामाणिक होता आणि मी तो आग्रहाने मांडला. मालकांनी तो नाकारला, कारण नूतनीकरणाचे वार्षिक उत्पन्नच त्यांच्या कार्यालयाचे भाडे आणि पगार चालवत होते.

निर्णय

शेवटी दोन निर्णय झाले आणि माझ्या मते दुसरा अधिक महत्त्वाचा होता. संकेतस्थळे अल्मालिनक्स ९ वर डायरेक्टअ‍ॅडमिनमध्ये न्यायची, हा पहिला. ज्यांचा व्यवहार पत्रांवर चालतो, अशा पतसंस्था, दवाखाने आणि साप्ताहिक यांची पत्रे वेगळ्या, केवळ ई-मेल देणाऱ्या सेवेकडे न्यायची आणि बाकीच्यांची नव्या सर्व्हरवर ठेवायची, हा दुसरा. दोघांच्याही हाती नसलेले कौशल्य सर्वांत जास्त लागणारे काम अशा रीतीने सर्व्हरवरून कमी झाले. उरलेल्या पत्रांपुरते एक्झिम सहकाऱ्याने शिकायचे आणि त्यासाठी त्याला रोज सकाळी कार्यालयीन वेळ द्यायचा, हेही लेखी ठरले. मालकांना हा वेळ सुरुवातीला वाया जाणारा वाटला होता; दर महिन्याच्या परवान्यातील बचतीशी त्याची तुलना करून दाखवल्यावर ते तयार झाले.

स्थलांतर

डोमेनच्या नोंदींचा टीटीएल (जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात, ती मुदत) आधी २४ तासांवरून पाच मिनिटांवर आणला, म्हणजे पत्ता बदलल्यावर जुन्या सर्व्हरकडे जाणारी वाहतूक लवकर थांबेल. प्रथम व्यवसायाची स्वतःची संकेतस्थळे, मग क्वचित पाहिली जाणारी, आणि साप्ताहिक सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवला.

बॅकअप आयात करणे सोपे होते. त्रास सीपॅनेलने मागे ठेवलेल्या खुणांनी दिला. पीएचपीची आवृत्ती निवडली की सीपॅनेल संकेतस्थळाच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (त्या फोल्डरपुरत्या अपाचेच्या सेटिंगच्या) एक ओळ लिहिते. दुसऱ्या पॅनेलवर त्या ओळीला काही अर्थ नसतो आणि अशा वेळी पीएचपी फाइल चालण्याऐवजी तशीच्या तशी ब्राउझरमध्ये उतरू शकते. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल अशी उघडी पडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. चाचणीच्या पहिल्याच संकेतस्थळावर ही गोष्ट दिसली, म्हणून पत्ता बदलण्याआधी सगळ्या खात्यांत ती ओळ शोधून काढून टाकण्याची छोटी आज्ञावली सहकाऱ्याने लिहिली. संकेतस्थळाच्या फोल्डरचा मार्गही डायरेक्टअ‍ॅडमिनमध्ये वेगळा असतो. ज्या वर्डप्रेसमध्ये सुरक्षा-प्लगिनने जुना पूर्ण मार्ग लिहून ठेवला होता, ती संकेतस्थळे कोरी दिसू लागली. या दोन्ही गोष्टी पॅनेलच्या बटणांतून सापडणे शक्य नव्हते.

साप्ताहिकाच्या बाबतीत मामला अधिक नाजूक होता. जुना अंक उघडला की देवनागरीच्या जागी अर्थहीन लॅटिन चिन्हांच्या रांगा दिसत होत्या. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या वर्णसंहितेत, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, तीन बाइटांत साठते. साप्ताहिकाच्या डेटाबेसमधील जुन्या तक्त्यांवर लॅटिन-१ (एका बाइटात एक लॅटिन अक्षर) अशी वर्णसंहिता नोंदलेली होती, आत मात्र यूटीएफ-८ चेच बाइट भरलेले होते. जुन्या सर्व्हरवर संकेतस्थळ आणि डेटाबेस यांच्यातील जोडणीही लॅटिन-१ असल्याने कोणतेच रूपांतर होत नसे आणि मजकूर नीट दिसे. नव्या सर्व्हरवर जोडणी यूटीएफ-८ ठरवलेली होती. त्यामुळे मारियाडीबीने प्रत्येक बाइटाला स्वतंत्र लॅटिन अक्षर समजून त्याचे पुन्हा रूपांतर केले. उपाय असा केला: डेटाबेसची प्रत लॅटिन-१ म्हणूनच बाहेर काढली, म्हणजे बाइट जसेच्या तसे आले, त्या प्रतीतील जोडणीची आणि तक्त्यांची वर्णसंहिता बदलून चार बाइटांची यूटीएफ-८ केली, आणि मग ती नव्या सर्व्हरवर भरली. तपासणीसाठी जोडाक्षरे आणि नुक्ता असलेले मजकूर मुद्दाम निवडले. मराठी मजकुराची जुनी संकेतस्थळे सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा भाग मूळ सर्व्हर चालू असतानाच करून पाहावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. जुना सर्व्हर परत केल्यावर खराब झालेली प्रत दुरुस्त करणे कधी कधी अशक्य असते आणि त्यात एखाद्या गावाचा वर्षानुवर्षांचा छापील इतिहास जाऊ शकतो.

सुरक्षेची कामे थोडक्यात सांगता येतील: पॅनेलला दुहेरी ओळख-पडताळणी, एसएसएचला पासवर्डऐवजी किल्ली, आणि बॅकअप दुसऱ्या शहरातील साठवणीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि सुरक्षा-घटना सहा तासांत कळवायची असते. सर्व्हरच्या मूळ रचनेत नोंदी याहून खूपच लवकर पुसल्या जात होत्या, म्हणून तीही बदलली.

परिणाम

सेंटओएस ७ ची मुदत संपण्यापूर्वी सर्व संकेतस्थळे हलली. परवान्याचा खर्च ठळकपणे कमी झाला आणि खाते वाढले म्हणून शुल्क वाढण्याची चिंता संपली. ई-मेल सेवेचे पैसे मात्र नव्याने द्यावे लागले. पतसंस्थांनी ते आनंदाने दिले, दोन दवाखान्यांनी नाकारले आणि ते ग्राहक सोडून गेले.

ज्यांचे डीएनएस दुसरीकडे होते, त्यांच्या एसपीएफ नोंदीत जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता तसाच राहिला होता. त्यामुळे एका शाळेच्या प्रवेश-चौकशीच्या फॉर्ममधील पत्रे काही आठवडे नको असलेल्या पत्रांत जात राहिली आणि मुख्याध्यापकांना ती प्रवेशाच्या गर्दीत सापडली नाहीत. या वेळी सहकाऱ्याने एक्झिमची नोंदवही उघडून कारण स्वतः शोधले. स्थलांतरापूर्वी असाच बिघाड सर्व्हर देणाऱ्या कंपनीला विचारून उत्तराची वाट पाहण्यात गेला असता.

ग्राहकांसाठी सीपॅनेलची चित्रे घालून तयार केलेली मराठी माहितीपत्रके निरुपयोगी झाली. ती नव्याने लिहीपर्यंत ई-मेलचा पासवर्ड कसा बदलायचा, या एकाच प्रश्नासाठी येणाऱ्या फोननी मालकांचा दिवस भरून जात असे.

वेगळे काय करता आले असते

ई-मेल वेगळे करण्याचा निर्णय सर्वांत आधी घेतला असता, तर पॅनेलची निवड अधिक मोकळी झाली असती. पत्रे सर्व्हरवर नसतील, तर केवळ संकेतस्थळे सांभाळणारी हलकी पॅनेलही विचारात घेता येतात. आमच्या चर्चेत ती आलीच नाहीत, कारण तोपर्यंत पॅनेल म्हणजे पत्रांसकट सगळे, असे गृहीत धरले गेले होते.

डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या खात्यात आहे, याची यादी स्थलांतराच्या किमान एक महिना आधी करायला हवी होती. काही ग्राहकांची डोमेन पूर्वीच्या डिझायनरच्या खात्यात होती. तो फोन उचलत नव्हता, त्यामुळे त्या संकेतस्थळांसाठी जुना सर्व्हर आणखी एक महिना भाड्याने ठेवावा लागला.

माहितीपत्रके आधी तयार करून, मग ग्राहकांचे पत्ते बदलायला हवे होते, याबाबत मालक आणि मी एकमत आहोत. सहकाऱ्यावरील अवलंबनाबाबत मात्र आमचे मत जुळत नाही. टर्मिनलचे काम त्यालाच जमते, तर त्यानेच ते करावे, असे मालकांना वाटते. मला ते धोक्याचे वाटते. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सीएसएफ ही अनेक पॅनेलवर वापरली जाणारी फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीने काम थांबवले आणि तिचा कोड खुला करून दिला. तेव्हा तिच्या खाली चालणारे नियम समजणारा माणूस या कार्यालयात एकच होता आणि त्याच आठवड्यात तो रजेवर होता. अल्मालिनक्स ९ ला सुरक्षा-दुरुस्त्या २०३२ पर्यंत मिळणार आहेत, त्यामुळे प्रणाली बदलण्याची घाई आता नाही. मोकळा झालेला हा काळ मालकांनी स्वतः टर्मिनल शिकण्यात घालवावा, ही माझी सूचना त्यांच्यासमोर आहे. रिकाम्या सर्व्हरवरची तीच चाचणी ते पुन्हा देणार आहेत.